असेंब्लीत ऑफसेट उलटा का जातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा दिवस भोसरीत जिग-फिक्श्चरच्या (मशिनवर काम करताना वस्तू धरून ठेवणाऱ्या साधनांच्या) डिझाइनवर जातो आणि संध्याकाळी मी डिप्लोमाच्या मुलांना कॅड शिकवतो. एक्स्ट्रूड, फिलेट, पॅटर्न मुलं पटापट उचलतात. असेंब्लीत, म्हणजे सुटे पार्ट जोडायच्या कामात, आली की मात्र अडखळतात, आणि बहुतेक जण एकाच जागी: ऑफसेट प्लस द्यायचा की मायनस? मग अंदाजपंचे कारभार सुरू होतो. प्लस टाकून बघायचं, पार्ट भलतीकडे गेला की मायनस टाकायचं, बसला की पुढचा पार्ट. दहा पार्टच्या असेंब्लीत हे खपून जातं, दोनशे पार्टच्या फिक्श्चरमध्ये नाही. वर्गात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. क्रम वर्गात येतो तसाच आहे, म्हणजे फारसा नाही.

ऑफसेट म्हणजे नक्की काय?

दोन पार्ट जोडताना तुम्ही दोन्हींवर एकेक जागा निवडता: फेस (पार्टची एखादी बाजू), कड, भोकाचं केंद्र. सॉफ्टवेअर त्या जागा एकमेकींवर आणून बसवतं. तशा बसवल्यावरही मुद्दाम ठेवलेलं अंतर म्हणजे ऑफसेट. कव्हर आणि हाउसिंगमध्ये गॅस्केटसाठी १ मिमी, ड्रिल बुश (ड्रिलला वाट दाखवणारी नळी) आणि जॉबमध्ये (ज्यावर काम करायचं त्या वस्तूत) चिप्स निघायला ४ मिमी, असं. स्केचमध्ये रेषेला समांतर रेष काढायचा जो ऑफसेट असतो, त्याच्याशी याचं फक्त नावाचं नातं.

पार्ट वर न्यायचा होता. १० टाकलं, तर तो खाली गेला. सॉफ्टवेअरमध्ये बग आहे का?

नाही. तुमचं 'वर' आणि सॉफ्टवेअरचं 'प्लस' वेगवेगळ्या ठिकाणाहून मोजलं जातंय.

पुण्यात लक्ष्मी रोडवर अलका टॉकीजकडे तोंड करून उभे राहा. नारायण पेठ उजव्या हाताला, सदाशिव पेठ डाव्या हाताला. आता नाना पेठेकडे तोंड करा. पेठा जागच्या हलल्या नाहीत, पण उजवी-डावी अदलाबदल झाली. 'उजवीकडे दहा पावलं चाल' असं फोनवर सांगितलं, तर पलीकडचा माणूस कुठे पोचेल हे त्याचं तोंड कुठे आहे यावर ठरणार. 'उत्तरेकडे चाल' म्हटलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतात ते तीन अक्ष म्हणजे उत्तर-दक्षिण. ते सगळ्या असेंब्लीचे. ऑफसेट मात्र उजव्या-डाव्याच्या भाषेत बोलतो. तुम्ही जी जागा निवडलीत तिचे स्वतःचे अक्ष असतात, आणि आकडा त्या अक्षांवर मोजला जातो. बेस प्लेटचा खालचा फेस निवडला तर त्याचा बाण जमिनीकडे असतो. त्या बाणावर प्लस १० म्हणजे दहा मिमी खालीच. तुम्ही मॉडेल फिरवून कुठूनही बघा, त्यात फरक पडत नाही.

तेव्हा 'प्लस की मायनस' हा प्रश्नच थोडा चुकलेला आहे. 'हा आकडा कोणाच्या बाणावर मोजला जातोय?' हे विचारायला लागलात की अर्धं काम झालं.

मग हा बाण कुठे तोंड करून असतो, ते कसं ओळखायचं?

सपाट फेसचा बाण मटेरियलच्या बाहेर निघतो. टेबलावर ठेवलेल्या प्लेटच्या वरच्या फेसचा बाण छताकडे, खालच्याचा टेबलाकडे. खिशासारखा पॉकेट असेल तर त्याच्या तळाचा बाण तोंडाकडे, म्हणजे बाहेर. पॉकेटच्या भिंतीचा बाण आतल्या पोकळीकडे. इथे मुलं हमखास चुकतात, कारण 'बाहेर' म्हणजे प्लेटच्या बाहेर असं त्यांना वाटतं. बाहेर म्हणजे लोखंडातून हवेत, एवढंच.

भोक आणि शाफ्ट निवडता तेव्हा जोडणीला सहसा अक्ष वापरला जातो. अक्षाला दोन टोकं असतात आणि भूमितीच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. त्यामुळे झेड कोणत्या टोकाकडे जाईल याचा तर्क लढवत बसू नका. स्क्रीनवर उमटणारा निळा बाण बघा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लाल एक्स, हिरवा वाय, निळा झेड असतो.

डेटम प्लेनला, म्हणजे फक्त संदर्भासाठी काढलेल्या काल्पनिक सपाट पातळीला, तर मटेरियलच नसतं. तिची दिशा ती कशी बनवली यावर अवलंबून असते, आणि ती नुसती बघून कळत नाही. शक्य असेल तिथे प्लेनऐवजी खरा फेस निवडावा, हे माझं मत. फिक्श्चरवाले काही मित्र याच्या अगदी उलट सांगतात, कारण फेस डिझाइन बदलताना नाहीसा होऊ शकतो, प्लेन टिकते. त्यांचंही चूक नाही.

फेस समोरासमोर जोडले की ऑफसेट नीट येतो, पण एकाच दिशेला ठेवून जोडले की कधी सुलटा, कधी उलटा. असं का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सावकाश घेऊ.

दोन माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. पहिल्याला विचारा, दुसरा कुठे आहे? 'माझ्यापुढे दोन पावलांवर.' दुसऱ्याला विचारा. तोही तेच म्हणेल. कोणालाही आधी विचारा, उत्तर बदलत नाही. दोन फेस समोरासमोर येतात तेव्हा असंच होतं. प्लस म्हणजे दोघांत फट, मायनस म्हणजे एक दुसऱ्यात घुसला.

आता पीएमपीच्या बस स्टॉपवरची रांग घ्या. दोघांचंही तोंड बसच्या दाराकडे. मागचा म्हणतो, 'तो माझ्या दोन पावलं पुढे.' पुढचा म्हणतो, 'तो माझ्या दोन पावलं मागे.' अंतर तेच, पण चिन्ह विचारणाऱ्यावर ठरलं. दोन फेस एकाच दिशेला तोंड करून जोडले की ही रांग तयार होते. कोणता फेस आधी निवडलात आणि सॉफ्टवेअर कोणापासून मोजतं, यावर प्लसचा मायनस होतो.

गणित आवडणाऱ्यांसाठी: 'अ' पासून 'ब' पर्यंतचा सदिश 'अ'च्या नॉर्मलवर (फेसमधून काटकोनात निघणाऱ्या बाणावर) मोजा, मग 'ब' पासून 'अ' पर्यंतचा 'ब'च्या नॉर्मलवर. सदिश तर उलटलाच. समोरासमोर असताना नॉर्मलही उलटा असतो, म्हणून दोन मायनस मिळून प्लस. एकाच दिशेला असताना नॉर्मल तोच राहतो आणि चिन्ह बदलतं.

इन्व्हेंटर या कॅड सॉफ्टवेअरमध्ये या दोन प्रकारांना मेट आणि फ्लश म्हणतात. सॉलिडवर्क्समध्ये अँटी-अलाइन्ड आणि अलाइन्ड. सॉलिड एजमध्ये मेट आणि प्लॅनर अलाइन. नावं काहीही असोत, रांगेतली जोडणी असेल तर निवडीचा क्रम ठरवून टाका आणि सगळ्या असेंब्लीत तोच पाळा.

आधी कोणता पार्ट निवडायचा?

फ्यूजन या सॉफ्टवेअरच्या जॉइंटमध्ये (तिथे जोडणीला हेच नाव आहे) पहिला निवडलेला पार्ट उठून दुसऱ्याकडे जातो. तेव्हा हलायचा तो आधी, जागेवर राहायचा तो नंतर. मेट पद्धतीच्या, म्हणजे एकेक अट (मेट) लावून पार्ट जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोण हलेल हे कोण मोकळा आहे त्यावर ठरतं. सॉलिडवर्क्समध्ये पहिला आणलेला पार्ट आपोआप फिक्स होतो, त्यामुळे बेस प्लेट आधी आणायची शिस्त ठेवा. घाईत आधी बोल्ट आणला की तोच खुंटा होऊन बसतो आणि सगळं फिक्श्चर त्याच्याभोवती फिरायला लागतं. हसू नका, दर बॅचला एकजण असतो.

फ्लिप केलं काय आणि मायनस टाकलं काय, एकच ना?

अजिबात नाही. मायनस टाकलं की पार्टचं तोंड आहे तिकडेच राहतं, तो फक्त सरकून दुसऱ्या बाजूला जातो. फ्लिपने पार्ट पालथा होतो. कव्हर हाउसिंगपासून ५ मिमीवर आहे असं धरा. मायनस ५ केलंत तर कव्हर हाउसिंगमध्ये घुसेल, पण लोगो बाहेरच राहील. फ्लिप केलंत तर लोगो आत जाईल.

घोळ होतो तो साध्या वॉशरसारख्या पार्टमध्ये. दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने पालथा झालेला कळतच नाही. एका बाजूलाच चॅम्फर (तिरकी छाटलेली कड) असलेला बुश असेल तर ते थेट असेंब्लीवाल्याला कळतं, आणि तोवर बुश प्रेस झालेला असतो.

सॉलिडवर्क्समध्ये या दोन गोष्टींची बटणंही वेगळी आहेत. अलाइनमेंटचं बटण पार्टचं तोंड फिरवतं, अंतराशेजारचं 'फ्लिप डायमेन्शन' फक्त बाजू बदलतं. फ्यूजनमध्ये फ्लिप केल्यावर ऑफसेटचे बाण पुन्हा एकदा बघून घ्या. आधी तोंड पक्कं करायचं, मग आकडा टाकायचा.

दिशा चुकली तर असं काय मोठं बिघडतं? दिसेलच ना लगेच.

मलाही असंच वाटायचं. एका ड्रिल जिगमध्ये ८ मिमीच्या ड्रिलसाठी बुश प्लेट आणि जॉबमध्ये ४ मिमी फट ठेवायची होती. जोडणी रांगेतली होती, मी क्रम उलटा निवडला, आणि बुश प्लेट ४ मिमी वर असायच्या ऐवजी जॉबमध्ये ४ मिमी घुसली. स्क्रीनवर दिसायला हवी होती, पण लोकेटर नीट दिसावेत म्हणून मी जॉब हाइड करून काम करत होतो. बुश प्लेट पेलणाऱ्या पिलरची उंची मॉडेलवरूनच घेतली. टर्निंग झालं, ग्राइंडिंग झालं, जिग उभी राहिली, जॉब आत जाईना. पिलर मोजले तर बरोबर ८ मिमी कमी. शेवटी प्रत्येकाखाली ८ मिमीचे स्पेसर टाकून निभावलं. ते स्पेसर त्या जिगवर अजून आहेत.

त्यातून एक निदान मात्र हाताला लागलं. चिन्हाची चूक नेहमी ऑफसेटच्या दुप्पट दिसते. प्लस ४ हवं असताना मायनस ४ झालं, तर फरक ८. शॉपवर काही जुळत नसेल आणि फरक एखाद्या ऑफसेटच्या बरोबर दुप्पट निघाला, तर मशिनवाल्याशी भांडायला जाण्याआधी आपलं मॉडेल उघडा.

झेडचा ऑफसेट नीट जातो, पण एक्स-वायचा तिरका का जातो?

कारण गोल गोष्टीला झेड असतो, एक्स नसतो. भोकाचा अक्ष कुठे आहे हे भोक सांगतं; पण गोलाच्या घेरावर 'इथून सुरुवात' अशी खूण कुठे असते? तरी सॉफ्टवेअरला एक्स लागतोच, म्हणून ते आपल्या नियमाने एखादी दिशा धरतं. ती तुमच्या प्लेटच्या कडेला समांतर निघेलच असं नाही.

उपाय म्हणजे एक्स कोणता हे आपणच सांगायचं. फ्यूजनमध्ये आपला जॉइंट ओरिजिन बनवून त्याचा एक्स प्लेटच्या सरळ कडेला जुळवता येतो. ऑनशेपमध्ये हेच काम मेट कनेक्टर करतो आणि त्याचा दुय्यम अक्ष वळवायची सोयही आहे. मेटवाल्या सॉफ्टवेअरमध्ये एक समांतरतेचा मेट जास्तीचा लावावा लागतो. फ्यूजनमध्ये दाटीच्या जागी भलताच बिंदू पकडला जात असेल, तर विंडोजवर कंट्रोल दाबून धरा. तोच फेस धरून राहतो.

कोन आणि ऑफसेट दोन्ही दिले तर पार्ट तिसरीकडेच जातो.

क्रमाचा प्रश्न आहे. समजा झेडभोवती ९० अंश आणि एक्सवर ५० मिमी द्यायचे आहेत. आधी सरकवून मग जागच्या जागी फिरवलं तर पार्ट मूळ एक्सवर ५० मिमी जातो. आधी फिरवून मग त्याच्या फिरलेल्या एक्सवर सरकवलं तर तो मूळ वायवर ५० मिमी जातो, कारण प्लस ९० नंतर त्याचा एक्स वायच्या जागी आलेला असतो. दोन ठिकाणांमधलं अंतर जवळजवळ ७०.७ मिमी. दोन्ही गणितं बरोबरच, फक्त वेगळी.

आपलं सॉफ्टवेअर काय करतं हे पुस्तकात शोधण्यापेक्षा करून बघा: आधी फक्त ऑफसेट, मग कोन वाढवा. पार्ट जागेवर गरगर फिरला की एक प्रकार, गोल फेरी मारून आला की दुसरा. कोनाच्या चिन्हासाठी उजव्या हाताचा नियम लागतो. अंगठा अक्षाच्या बाणाकडे धरा, बोटं वळतात ती दिशा प्लस. उजवाच हात बरं का. माउस उजव्या हातात असतो म्हणून परीक्षेत मुलं डावा वापरतात.

मिरर केलेल्या पार्टला तेच ऑफसेट चालतील?

बहुधा एक चिन्ह बदलावं लागेल. आरशात उजवा हात डावा होतो, पण सॉफ्टवेअरचे अक्ष नेहमी उजव्या हाताचेच असतात. म्हणजे मिरर झाल्यावर तीनपैकी एखादा अक्ष अपेक्षेपेक्षा उलटा राहतो. गाड्यांचे एलएच आणि आरएच ब्रॅकेट करताना हे रोजचंच. तिथे डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवर पुढे तोंड करून बसल्यावर ठरतं, गाडीसमोर उभं राहून नाही. तीसुद्धा लक्ष्मी रोडचीच गोष्ट.

ग्राहकाची स्टेप फाइल (एका कॅड सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्याची फाइल) उघडली की पार्ट आडवे का पडतात? आणि त्यांचे मेट कुठे गेले?

सॉलिडवर्क्समध्ये मुळात वाय वर असतो, फ्रीकॅड आणि ऑटोकॅडमध्ये झेड. फाइल एकीकडून दुसरीकडे गेली की उभं आडवं होतं. भूमिती शाबूत असते. मेट मात्र सहसा येत नाहीत. स्टेपमधून पार्ट आणि त्यांच्या जागा येतात, जोडणीमागचा हेतू येत नाही. सगळे पार्ट आधीच जागेवर असतील तर नव्याने ऑफसेट देत बसू नका. फ्यूजनमध्ये 'अ‍ॅज-बिल्ट' जॉइंट आहे, तो पार्ट न हलवता जोडतो.

स्लायडरच्या स्ट्रोकसाठी ऑफसेट वापरू का?

नको. ऑफसेट म्हणजे शून्य कुठे आहे ते, आणि लिमिट म्हणजे त्या शून्यापासून किती पुढे-मागे. क्लॅम्पचा २५ मिमी स्ट्रोक ऑफसेटमध्ये कोंबलात तर उघडा क्लॅम्प कधी दाखवताच येणार नाही.

ऑफसेटला पॅरामीटर जोडलाय. किंमत शून्य करून परत वाढवली की कधीकधी बाजू बदलते.

जिथे अंतर बिनचिन्हाचं धरलं जातं तिथे शून्यावर दोन्ही बाजू सारख्याच होतात, आणि परतताना कोणती घ्यायची याची आठवण राहत नाही. शून्य लागणारच असेल तर ऑफसेट एखाद्या दूरच्या फेसवरून मोजा, म्हणजे आकडा कधी शून्याला टेकणारच नाही.

बरोबर दिशेला गेलंय की नाही, हे पटकन तपासायची काही युक्ती?

खरा आकडा १ मिमी असेल तर आधी ४० टाका. १ मिमी कुठे गेला ते डोळ्याला कळत नाही, ४० लगेच कळतो. तीनही अक्ष तपासायचे असतील तर १०, २०, ३५ असे वेगवेगळे आकडे टाका. कोणता अक्ष कुठे गेला ते मोजून सापडतं. खात्री झाली की खरे आकडे भरा. जुन्या प्रो-ई आणि आताच्या क्रिओमध्ये प्लसची बाजू दाखवणारा बाणच उमटतो, तो दुर्लक्षून आकडा टाकणारे बघितले की मला वाईट वाटतं.

शेवटी सेक्शन (मॉडेलचा काप) काढून फट मोजा आणि पार्ट एकमेकांत घुसलेत का ते दाखवणारा इंटरफिअरन्स चेक चालवा. चालवण्याआधी हाइड केलेले सगळे पार्ट दाखवा. माझे स्पेसर आठवा.

घरच्या लॅपटॉपवर फुकटात सराव करता येईल?

फ्रीकॅड घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून त्यात असेंब्लीचं वर्कबेंच मुळातच आहे. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना आपापला ऑफसेट देता येतो, त्यामुळे 'कोणाच्या बाणावर' हा प्रश्न तिथे फार स्वच्छ समजतो. दोन ठोकळे आणि एक भोक एवढ्यावर एक रविवार घालवा.

ड्रॉइंग शीटवर ऑफसेट मायनसमध्ये लिहायचा का?

नाही. शॉपमधल्या माणसाला तुमचे अक्ष दिसत नसतात. त्याच्या हातात व्हर्निअर असतो, आणि त्याला 'या फेसपासून त्या फेसपर्यंत ४' एवढंच हवं असतं. कोणता फेस वर आणि कोणता खाली हे व्ह्यूमधून दिसलं पाहिजे. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं, म्हणजे डावीकडून बघितलेलं दृश्य उजव्या बाजूला काढायचं. शंका वाटली तर सेक्शन व्ह्यू जोडा आणि फटीवर माप टाका. मी आता बुश प्लेटच्या प्रत्येक शीटवर जॉबची बाह्यरेषा तुटक रेषेने काढतो, त्यावर चिप्सच्या फटीचं माप टाकतो, आणि शीट सोडण्याआधी ते माप मॉडेलमध्ये पुन्हा मोजतो.